किडझानियाला आजींना घेऊन जावं का? मदत हवी आहे

दिवाळीच्या सुट्टीत बदलापूरहून घाटकोपरच्या आर सिटी मॉलमधल्या किडझानियाला (मुलांनी मोठ्यांसारख्या नोकऱ्या करून बघायचं खेळाचं शहर) जायचं ठरतंय. लेक आठ वर्षांची, तिला अग्निशमन दलात 'नोकरी' करून किडझो (तिथले खेळातले पैसे) कमवायचेत! ती रमेल, प्रश्न बाकीच्यांचा आहे. धाकटा तीन वर्षांचा. त्याच्याजोगं तिथे काही आहे का, की नुसताच बहिणीकडे बघून भोकाड पसरेल? मोठ्यांना खेळात घेत नाहीत, बाहेरूनच बघायचं असतं. सासूबाईंचे गुडघे दुखतात. तासन्‌तास बसायला नीट जागा मिळते का? सुट्टीत रांगा फार असतील तर शाळा बुडवून मधल्या वारी गेलेलं बरं का? (बाई ओरडतील, ते बघून घेऊ.) आणि हो, धाकट्याचा वरणभात आत नेऊ देतात का?