शब्दचर्चा : 'करचुकवेगिरी' आणि माहितीची 'देवाणघेवाण'

पारवा :
बहीण लंडनला असते. तिच्या इथल्या एनआरई खात्यासाठी (परदेशात राहणाऱ्या भारतीयांचं खातं) बँकेकडून एक फॉर्म आलाय. त्यातलं मराठी बघा : 'करचुकवेगिरीस प्रतिबंध करणेकामी खात्याची माहिती विदेशी कर प्राधिकरणांसमवेत स्वयंचलितरीत्या आदानप्रदान करण्यात येईल.' आईनं वाचलं आणि धास्तावून विचारलं, "अगं, तिनं काय चुकवलंय?" हे वाक्य तुम्ही कसं लिहाल?

जुनी_खातेवही :
'करचुकवेगिरी' शब्द चुकीचा नाही, पण 'चुकणे-चुकवणे' हे घराणंच दुतोंडी. हिशेब चुकता केला म्हणजे देणं फेडलं, नजर चुकवली म्हणजे टाळली. त्यामुळे 'कर चुकता केला' आणि 'कर चुकवला' हे सख्खे भाऊ : एक सरळमार्गी, दुसरा उनाड. हिंदीत तर 'कर चुकाया' म्हणजे चक्क भरला! हिंदी मजकुरावरून घाईत मराठी करणारे इथेच आपटतात. 'गिरी' लागली की मात्र शंका उरत नाही. मी सरळ 'कर बुडवणे' लिहीन. पीपीएफमध्ये पैसे टाकून कर कमी करतो ती 'करबचत', तिला यात ओढू नये.

दशमान :
मला 'स्वयंचलित' जास्त खटकतं. स्वयंचलित दरवाजा असतो. इथे अर्थ आहे 'कोणी विचारायची वाट न बघता'. एका देशाच्या करखात्याकडून दुसऱ्याकडे माहिती तीन तऱ्हांनी जाते. मागितल्यावर, तपासात दुसऱ्याच्या कामाचं काही सापडलं तर आपणहून, आणि तिसरी ही, दरवर्षी सगळ्या खात्यांचा गठ्ठाच पाठवायचा. पूर्वी मुख्य भिस्त मागणीवर होती. पण मागायचं तर आधी संशयिताचं नाव हवं, आणि ते तर बँकेच्या तिजोरीत! स्वित्झर्लंडमध्ये १९३४ च्या कायद्यानं ग्राहकाची माहिती फोडणं हा गुन्हाच ठरवला होता. म्हणून २०१४ मध्ये ओईसीडीनं, म्हणजे मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेनं, असे गठ्ठे पाठवायचा सामाईक नियम आणला : 'कॉमन रिपोर्टिंग स्टँडर्ड', म्हणजे सीआरएस. भारतानं जून २०१५ मध्ये त्याच्या करारावर सही केली, २०१७ पासून गठ्ठे जाऊ-येऊ लागले. स्वित्झर्लंडकडून आपल्याला पहिला आला सप्टेंबर २०१९ मध्ये.

पारवा :
मग 'न मागता' लिहू?

जुनी_खातेवही :
'न मागता' म्हटलं की शेजारीण वाटीभर साखर देतेय असं वाटतं. 'दरवर्षी नेमाने' बरं.

दशमान :
'आदानप्रदान' पण घालवा. 'अदलाबदल' नकोच, त्यात दिलेली वस्तू हातची जाते. माहिती दिली तरी आपल्याकडे उरतेच. 'देवाणघेवाण' चालेल. गंमत अशी, की केमन बेटं आणि बर्म्युडा यात फक्त देतात, घेत नाहीत. केमनमध्ये आयकरच नाही, घेऊन करणार काय? तिथे नुसती देवाण. अमेरिका तर सीआरएसमध्येच नाही, तिचा 'फाटका' (इंग्रजी आद्याक्षरं FATCA) नावाचा वेगळा कायदा आहे. त्याखाली आपण तिला तिच्या करदात्यांच्या इथल्या खात्यातली शिल्लक कळवतो, ती आपल्याला शिल्लक कळवत नाही.

पारवा :
फॉर्ममध्ये 'करनिवासी' पण आहे. हा काय प्रकार? बहिणीचा पासपोर्ट भारतीयच आहे.

दशमान :
पासपोर्टाचा संबंध नाही. ज्या देशात राहिल्यामुळे तिथला कर लागू होतो, त्या देशाची ती करनिवासी. तुझी बहीण ब्रिटनची. तिचं नाव, पत्ता, तिकडचा करदाता क्रमांक, वर्षअखेरची शिल्लक आणि व्याज हे बँक आपल्या आयकर खात्याला देणार, ते ब्रिटनला. एनआरईचं व्याज इथे करमुक्त असतं म्हणून लोक तिकडेही दाखवत नाहीत आणि मग अडकतात. तिला एवढं मात्र विचार.

जुनी_खातेवही :
'करनिवासी' ऐकलं की मला वनवासी आठवतो. पण याहून आटोपशीर शब्द सुचत नाही, राहू दे.

पारवा :
तर मग : 'लोकांनी कर बुडवू नये म्हणून, तुम्ही ज्या देशाचे करनिवासी आहात तिथल्या करखात्याला तुमच्या खात्याची माहिती दरवर्षी नेमाने कळवली जाईल.' देवाणघेवाण काढूनच टाकली, बहिणीच्या बाबतीत नुसती देवाणच आहे. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे तिनं काही केलेलं नाही ना? मग व्याजाचं विचार तिला आजच."