मूलपेशी की मूळपेशी?

टाचण
आरोग्यसेवकांच्या प्रशिक्षणासाठी स्टेम सेल संशोधनावरची एक पुस्तिका मराठीत करते आहे. स्टेम सेलला सगळीकडे 'मूलपेशी' लिहिलं. मसुदा वाचणाऱ्या एका सेविकेने पानाच्या कडेला शेरा मारला, "लोक विचारतील, कुणाच्या मुलाची पेशी?" त्याच पानावर नाळेतल्या रक्ताचा उल्लेख आहे, त्यामुळे तिची शंका उडवून लावता येत नाही. 'मूळपेशी' केलं तर चालेल का? समासात 'ळ' खटकतो का?

प्रयोगवही
मूलद्रव्य, मूलभूत, मूलगामी. यात कुणाला मूल दिसतं का? शास्त्राच्या लिखाणात मूलपेशी रुळला आहे, तो हलवू नका. दर पुस्तिकेला नवा शब्द निघाला तर वाचणाऱ्याने करायचं काय?

गवाक्ष
रुळला तो शिकलेल्यांत. समासातल्या 'ळ'चं म्हणाल तर मूळव्याध, मूळपुरुष, मूळस्थान आहेतच की. त्यात मूळपुरुष तर इथे नेमका बसतो. जर्मन जीवशास्त्रज्ञ हेकेल याने १८६८ मध्ये 'श्टामत्सेल' हा शब्द वापरला. श्टाम म्हणजे झाडाचं खोड आणि वंशसुद्धा. सगळे जीव ज्या एकपेशीय पूर्वजापासून आले, तो त्याला म्हणायचा होता. वंशावळीच्या टोकाला बसलेली पेशी, ती मूळपेशी. माझं मत पक्कं 'ळ'ला.

रानवाट
मग सरळ खोडपेशी का नको?

प्रयोगवही
खोड म्हटलं की आधी वाईट सवय आठवते. आणि गवाक्ष, हेकेलचा अर्थ केव्हाच मागे पडला. टिल आणि मॅक्युलॉक या शास्त्रज्ञांनी १९६१ मध्ये उंदरांना किरणोत्सर्ग देऊन मग अस्थिमज्जेतल्या, म्हणजे हाडातल्या गरातल्या, पेशी टोचल्या. प्लीहेवर, म्हणजे पाणथरीवर, गाठी उठल्या. एकेक गाठ एकाच पेशीपासून वाढते, हे १९६३ मध्ये दिसलं. स्वतःसारखी पेशी घडवायची आणि वेगळ्या कामाच्या पेशीही घडवायच्या, ही दुहेरी क्षमता म्हणजे स्टेम सेल. ती 'मूळ'मध्येही नाही आणि 'मूल'मध्येही नाही. ती व्याख्येतच सांगावी लागते.

गवाक्ष
'एकेक गाठ एकाच पेशीपासून' म्हणजे वंशावळच झाली ना!

सांजवेळ
ल-ळ राहू द्या, मला 'मज्जा' जास्त छळतो. आमच्या नात्यात एकाला रक्ताचा कर्करोग झाला. मामेभावाच्या पेशी जुळल्या, तो द्यायला तयार होता. घरच्यांनी अडवलं. "मज्जा काढली तर मज्जारज्जूला धक्का लागेल, पोरगा लुळा पडेल." डॉक्टरांनी त्याच्याच कमरेच्या हाडावर बोट ठेवून दाखवलं की सुई इथे जाते, पाठीच्या कण्यात नाही. शिवाय आता बहुतेक वेळा हाडाला हातही लावत नाहीत. काही दिवस इंजेक्शनं देतात, रक्तातल्या मूलपेशी वाढतात, मग एका हातातून रक्त यंत्रात जातं, हव्या त्या पेशी वेगळ्या होतात आणि बाकीचं रक्त परत अंगात. हे कळल्यावर मामी तयार झाली. हाडातला गर तोही मज्जा आणि मेंदूकडून येणारी दोरी तीही मज्जा, मग माणसं घाबरणार नाहीत तर काय!

जुनीपोथी
यात मज्जेचा दोष नाही. सप्तधातूंत अस्थीनंतर मज्जा येते, ती हाडातलीच. घोळ मज्जातंतू, मज्जारज्जू म्हणणाऱ्यांनी घातला. चेतातंतू, मेरुरज्जू असे स्वच्छ शब्द आहेत, ते वापरावेत.

रानवाट
मेरुरज्जू किती जणांना कळेल? पुस्तिका लोकांसाठी आहे. बोनमॅरो लिहा, दवाखान्यात तोच शब्द कानावर पडतो.

जुनीपोथी
कानावर पडतो म्हणून अर्थ कळतो असं नाही. शब्द समजावून सांगायचे कष्ट टाळले की लोक अंदाज बांधतात, आणि या बाबतीत अंदाज महागात पडतो.

टाचण
सांजवेळ, सुईची जागा दाखवणारं चित्र पुस्तिकेत घालते. पण 'ळ'चं काय ठरलं? मसुदा पुढे पाठवायचा आहे.

प्रयोगवही
त्याआधी 'मूलपेशी उपचार' हे शीर्षक बदला. रक्ताच्या काही आजारांवर मूलपेशी-प्रत्यारोपण हा सिद्ध उपचार आहे. पण गुडघ्यापासून स्वमग्नतेपर्यंत (ऑटिझम) सगळ्यावर जे विकलं जातं, त्यातलं बरंचसं अजून सिद्ध झालेलं नाही. तिथे 'चाचणी' म्हणा.

सांजवेळ
चाचणी म्हटलं की लोकांना रक्ततपासणी वाटते. 'प्रयोग' लिहा.

जुनीपोथी
'प्रयोग' वाचून कोण पुढे येईल?