लग्नाआधी एचआयव्ही चाचणी सक्तीची करावी का?

सातबारा
वाढता एचआयव्ही संसर्ग पाहून मेघालयच्या तत्कालीन आरोग्यमंत्री अँपरीन लिंगडोह यांनी जुलै २०२५ मध्ये लग्नापूर्वीची चाचणी सक्तीची करण्याचा विचार बोलून दाखवला. गोवा सरकारनेही २००६ मध्ये असाच निर्णय जाहीर केला होता. महाराष्ट्राने आता मागे राहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याकडे मुलाची जमीन आणि पगाराची पावती पाहिल्याशिवाय बैठक पुढे सरकत नाही. मग रक्ताचा अहवाल मागितला की तेवढा अपमान कसा होतो? नवऱ्याच्या आजाराचा पत्ता बायकोला पहिल्या गरोदरपणातल्या तपासणीत लागावा, याला मानवी हक्कांचे रक्षण म्हणायचे असेल, तर ते कोणाच्या हक्कांचे?

निळी शाई
आपली तळमळ कळते, पण हा प्रयोग आधीच होऊन फसलेला आहे. अमेरिकेतील इलिनॉय राज्याने १९८८ मध्ये अशी सक्ती केली. पहिल्या सहा महिन्यांत विवाह परवान्यासाठी आलेल्या सुमारे सत्तर हजार लोकांमध्ये केवळ आठ जण बाधित आढळले. त्याच काळात राज्यातील परवान्यांची संख्या पाचव्या हिश्श्याहून अधिक घटली, कारण जोडपी शेजारच्या राज्यांत जाऊन लग्न करू लागली. १९८९ मध्ये तो कायदा रद्द झाला. आपल्याकडे तर कोल्हापूरहून निपाणी तासाभरावर आहे.

शिवाय २०१७ च्या केंद्रीय एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार, न्यायालयाच्या आदेशासारखे मोजके अपवाद सोडले, तर माहितीपूर्ण संमती आणि समुपदेशन यांशिवाय ही चाचणी करताच येत नाही. ज्याच्यावाचून लग्नच लागणार नाही, त्या कागदावर दिलेल्या सहीला संमती म्हणणे कठीण आहे. संसर्ग नुकताच झालेला असेल, तर काही आठवडे चाचणीत तो दिसतही नाही. त्या काळातला ‘निगेटिव्ह’ शेरा घेऊन निर्धास्त झालेले जोडपे पुढे कशाला काळजी घेईल?

मांडवीकाठ
गोव्याचे नाव निघाले म्हणून लिहितो. १९८९ मध्ये याच गोव्यात डॉमिनिक डिसोझा या तरुणाला, त्याने दान केलेल्या रक्तात विषाणू आढळला म्हणून, पोलिसांकरवी उचलून म्हापशाच्या जुन्या क्षयरोग रुग्णालयात एकट्याला कोंडून ठेवले होते, आणि तेही तब्बल चौसष्ट दिवस. ते सारे तेव्हाच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याच्या आधारे झाले. त्याची आई लुसी उच्च न्यायालयात गेली, तर मुंबई उच्च न्यायालयाने विलगीकरणाची ती तरतूद वैध ठरवली. जनहिताच्या नावाने सरकारच्या हाती अहवाल गेला की काय होऊ शकते, ते आम्ही पाहिले आहे.

कलमकसाई
मांडवीकाठ, १९८९ मध्ये परिणामकारक औषधोपचार नव्हता आणि भीती अफाट होती. आज सरकारी एआरटी (एचआयव्हीवरील विषाणूरोधक उपचार) केंद्रात औषधे फुकट मिळतात, त्यामुळे लवकर निदान म्हणजे थेट आयुष्य वाचवणे आहे. त्या काळचे भय आजच्या धोरणावर लादू नये.

कायद्याचेच बोलायचे, तर २०१७ च्या कायद्यातील एक उणीव कोणी सांगत नाही. बाधित व्यक्ती स्वतः सांगणार नाही अशी खात्री झाल्यावर डॉक्टर किंवा समुपदेशक तिच्या जोडीदाराला माहिती देऊ शकतात. पण हा जोडीदार म्हणजे पती, पत्नी किंवा लग्नासारख्या नात्यात राहणारी व्यक्ती. साखरपुडा झालेली मुलगी त्यात सरळ बसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये नियोजित वधूच्या आरोग्याचा हक्क गोपनीयतेपेक्षा वरचा मानला होता. २००२ मध्ये त्यातील विवाहाच्या हक्काविषयीचे भाष्य अनावश्यक ठरवले गेले, तरी त्या मुलीचा प्रश्न तिथेच राहिला.

समुपदेशिका
मी तपासणी केंद्रात काम करते. आमच्याकडे अहवाल बंद खोलीत, ज्याचा त्याच्या हातात, बोलून दिला जातो. लग्नाच्या बाजारात तसे होत नाही. ‘घरच्यांनी सांगितलंय’ म्हणून खासगी प्रयोगशाळेत चाचणी करून आलेल्या एका मुलीचा अहवाल तिच्याआधी मध्यस्थाच्या मोबाइलवर पोहोचला होता आणि संध्याकाळपर्यंत दोन्हीकडच्या मामा-काकांच्या ग्रुपवर फिरला. सोयरीक मोडली, पण ते पुरले नाही. धाकट्या बहिणीसाठी येणारी स्थळेही थांबली. पुढे खात्रीची फेरतपासणी निगेटिव्ह आली. ती मात्र कोणी ग्रुपवर टाकली नाही.

सातबारा यांना एवढेच सांगते की, गरोदरपणात तपासणी होते म्हणून घरात पहिले निदान बऱ्याचदा सुनेचे होते, आणि आजार तिनेच आणला असे ठरते; नवरा नंतर तपासणीला येतो, कधी येतच नाही. सक्तीची ही नवी पायरी तिच्याच वाट्याला येईल. दुसरे म्हणजे, जो नियमित औषध घेतो आणि ज्याच्या रक्तात विषाणूचे प्रमाण मोजता येण्याच्या खाली गेले आहे, त्याच्यापासून लैंगिक संबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही. आईने वेळेवर उपचार घेतले, तर बाळाचा धोकाही पाच टक्क्यांच्या आत येतो. हे ठाऊक नसलेल्या घरात ‘पॉझिटिव्ह’ एवढा एकच शब्द गेला, तर दुसरे काही ऐकून घेतले जात नाही.

सातबारा
ताई, अनुभव मान्य आहे, पण गळतीवर इलाज गळती बुजवणे हा आहे. अहवाल फक्त दोघांना, तोही सरकारी केंद्रातच, आणि विवाह नोंदणीच्या वेळी केंद्राचे केवळ ‘दोघांनी समुपदेशन घेतले’ असे प्रमाणपत्र जोडायचे; निकाल त्यावर नकोच. एवढी सक्ती तरी चालेल की नाही?

निळी शाई
समुपदेशनाचे प्रमाणपत्र ही चाचणीच्या सक्तीपेक्षा फार वेगळी गोष्ट आहे, आणि तिच्यावर बोलायला मी तयार आहे. फक्त नोंदणीची वेळ चुकते आहे. आपल्याकडे बहुतेक लग्ने आधी कार्यालयात लागतात आणि नोंदणी नंतर, कित्येकदा पासपोर्टचे काम अडल्यावर होते. तोवर ज्या मुलीसाठी आपण हे मांडत आहात, ती सासरी नांदायला जाऊन महिने झालेले असतील.