मदत हवी आहे: बार्सेलोनातल्या एका ब्लॉकचा सेक्शन

बार्सेलोनात एका सत्रासाठी आर्किटेक्चर शिकतेय. स्टुडिओसाठी एशाम्प्ल या शहरभागातल्या एका ब्लॉकचा १:२०० सेक्शन (उभा छेद) काढायचाय. हा भाग आखणाऱ्या सेर्दाच्या १८५९च्या आराखड्यात ब्लॉकच्या आत मोकळी बाग होती; आता तिथे गोदामं नि पत्रे. मला नेमक्या त्यांच्याच उंच्या हव्यात.

कॅडस्टरच्या (सरकारी मालमत्ता नोंदणीच्या) मोफत नकाशावरून प्लॅन झाला, पण त्यात मजले रोमन अंकांत, मीटर नाहीत. ब्लॉकच्या आतला चौक खाजगी, आत कोणी सोडत नाही. ड्रोनचं सुचवू नका, परवानगीचं लफडं आहे. कातालोनियाच्या नकाशा संस्थेचा मोफत लायडार डेटा (विमानातून लेसरने मोजलेले उंचीचे पॉइंट्स) उतरवला, तर ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर रायनो हे थ्रीडी सॉफ्टवेअर गुदमरतं. विकतचं सॉफ्टवेअर परवडणार नाही.

एका ब्लॉकपुरते पॉइंट्स कापून छतांच्या उंच्या काढायला मोफत सॉफ्टवेअरपैकी क्लाउडकंपेअर (पॉइंट्ससाठीचं) लॅपटॉपला हलकं जाईल की क्यूजीआयएस (नकाशांसाठीचं)? आणि पत्र्याखालची जमिनीची पातळी कशावरून धरायची?