बॅटरीचं टर्मिनल निघेना गेलंय, लवकर सांगा

जिंतूरकर
गाडीची नवी बॅटरी आणून ठेवलीय, पण जुनीचं टर्मिनल काही केल्या निघेना गेलंय. पांढरं-हिरवं साचून पार जाम झालंय. मिस्त्री गावाला गेलाय अन् पहाटे लातूरला साखरपुड्याला निघायचंय. खालून हातोडीनं ठोकू का?

पाना_दहा
ठोकू नका. बॅटरीवरचा खांब, ज्यावर वायरचा क्लॅम्प बसतो, तो शिशाचा असतो, मऊ. तो वाकतो, नाहीतर बुडाशी झाकणाला चीर जाते अन् ॲसिड झिरपतं. गाडी कोणती? अडकलंय ते प्लस का मायनस? नट फिरतो का तोच जाम आहे?

उदगीरचा_भौ
जुनी भंगारातच जाणार ना? मग तुटू द्या की! दोन ठोके अन् विषय संपला.

पाना_दहा
भौ, ॲसिड डोळ्यात उडालं तर भंगाराचे पैसे डॉक्टरला द्यावे लागतील. अन् दुकानदार जुनीवर सूट देतो, ती सुद्धा फुटकी पाहून कमी करंल.

निवृत्त_चालक
आम्ही कोला ओतायचो. पाच मिनिटांत सगळं साफ.

पाना_दहा
काका, कोल्यात पण ॲसिडच, वरून साखर. चिकटा राहतो अन् मुंग्या येतात. खाण्याचा सोडा गरम पाण्यात कालवा, जुन्या ब्रशनं लावा. फेस येईल, तो थांबला की पुसून घ्या. झाकणं घट्ट आहेत ना ते आधी बघा, सोडा आत गेला तर आतलं ॲसिडच मारतो.

जिंतूरकर
गाडीचा काय संबंध? मारुती आहे, पेट्रोल. नट केव्हाच काढून ठेवलाय, वरचा क्लॅम्प सुटंना. घरात सोडा नाही, इनो आहे. चालंल का?

सोनपेठ_शिक्षक
इनोत सोड्याबरोबर सायट्रिक ॲसिड असतं. पाणी लागलं की सोडा बराचसा त्याच्याशीच भांडण्यात संपतो. शेजारी मागा, भजी करणाऱ्या घरी सोडा असतोच.

जालना_वायरमन
प्लस का मायनस, याचं उत्तर अजून आलं नाही.

जिंतूरकर
प्लस. लाल वायरचं. पक्कडीनं धरून ओढायलोय.

जालना_वायरमन
आणि मायनस?

जिंतूरकर
ते लावलेलंच आहे. ते कुठं अडकलंय?

जालना_वायरमन
पक्कड खाली ठेवा! आधी काळी वायर काढा, मग लाल. मायनस बॉडीला जोडलेलं असतं. प्लसवरची पक्कड जरा बॉनेटला नाहीतर बॉडीला शिवली की शॉर्ट झालाच. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्याला एवढी ठिणगी पुरे. चावी बंद, अंगठी-घड्याळ काढा, हातमोजे अन् चष्मा घाला. विडी तर नकोच.

लातूर_इन्व्हर्टर
विषय निघालाच आहे तर, इन्व्हर्टरच्या बॅटरीत बोअरचं पाणी चालतं का? इकडं लोडशेडिंगनं जीव घेतलाय.

सोनपेठ_शिक्षक
नाही. क्षार जातात. डिस्टिल्डच टाका, अन् वेगळा धागा काढा.

पाना_दहा
जिंतूरकर, काळी काढली की सोड्याचं पाणी लावून थोडं थांबा. मग क्लॅम्पच्या फटीत चपटा स्क्रू ड्रायव्हर घालून हलकेच फाकवा, खांबावर भार देऊ नका. क्लॅम्प हातानं डावीकडं-उजवीकडं घोळवत वर घ्या. नाहीच आलं तर पुलर, म्हणजे क्लॅम्प वर ओढून काढायचं हत्यार, लागंल. स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो, स्वस्त असतो.

उदगीरचा_भौ
एवढ्या वेळात माझी हातोडी परत घरी गेली असती.

निवृत्त_चालक
उन्हाळ्यात परभणीच्या उन्हात बॅटरी टिकतच नाही. आमच्या वेळच्या दणकट होत्या.

जिंतूरकर
सोडा मिळाला. काळी काढली, लाल फाकवली अन् घोळवत-घोळवत सुटली. क्लॅम्पच्या आत हिरवा थर निघाला, बोटानं खरवडला तर सुटंना.

जालना_वायरमन
बोटानं नको, ते विषारी असतं. हात धुवा. पॉलिश पेपरनं आतून घासा, चकचकीत शिसं दिसेपर्यंत. लावताना उलट करायचं, आधी लाल, मग काळी. नट आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीनचा हात फिरवा, परत लवकर साचत नाही. घड्याळ अन् रेडिओ परत लावावा लागंल.

जिंतूरकर
चालू झाली. रेडिओ कोड मागायलाय.

पाना_दहा
गाडीच्या कागदांच्या पाकिटात कार्ड असंल, बघा. तोवर गाणी म्हणत जा.

निवृत्त_चालक
अन् लातूरला जायचं तर परभणी, गंगाखेड, परळी, अंबाजोगाई धरा.