प्रतिसाद: चामडं सगळं सारखंच?
बेसबॉलच्या ग्लव्हबद्दल "चामडं सगळं सारखंच, पैसे कंपनीच्या नावाचे," असं वर कुणीतरी लिहिलंय, ते अर्धंच खरं. नावाचे पैसे लागतात, कबूल. पण स्टीअरहाइड, म्हणजे खच्ची केलेल्या बैलाचं कातडं, आणि किप, म्हणजे लहान वयाच्या जनावराचं, हे हातात घेतल्यावर वेगळे कळतात. किप पातळ असूनही दाट विणीचं आणि हलकं असतं. स्टीअरहाइड जड आणि टणक, घड्या पडायला वेळ घेतं, पण पडल्यावर तो आकार धरून ठेवतं.

माझ्या मते जनावरापेक्षाही कातडं अंगाच्या कोणत्या भागाचं आहे हे महत्त्वाचं. पाठीचं घट्ट, पोटाकडचं सैल आणि ताणलं जाणारं. माझ्या जुन्या ग्लव्हचा तळहात छान होता, करंगळीकडची बाजू मात्र एका हंगामात ओल्या पुठ्ठ्यासारखी लोळायला लागली. एकाच ग्लव्हमध्ये दोन प्रतीचं कातडं! (कंपनीचं नाव घेत नाही.)

ग्लव्हच्या चामड्यासाठी शिकागोच्या हॉर्वीनचं नाव या चर्चेत वर आलंच आहे. १९०५ पासूनचा हा कारखाना कातडं कमावतो, ग्लव्ह शिवत नाही. त्यामुळे चामडं अमेरिकेचं आणि शिलाई दुसऱ्याच देशातली, असं होऊ शकतं. पेटीवरचं देशाचं नाव पाहून चामड्याचा अंदाज बांधू नका.

आणि वाद्या, म्हणजे ग्लव्हचे भाग बांधणाऱ्या चामड्याच्या पट्ट्या, बघा. अंगठा आणि तर्जनीमधल्या जाळीतली वादी चिमटीत धरून ओढा. रबरासारखी ताणली गेली तर ग्लव्ह परत ठेवा. तेल पाजून पाजून ग्लव्ह मऊ करणाऱ्यांशी मी वाद घालणं केव्हाच सोडलंय.