आजीबद्दल लिहायचंय, पण तिची एकही तारीख घरात कुणाला माहीत नाही

पाटणकरीण

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आमच्या आजीचं वर्षश्राद्ध आहे. बाबांच्या मनात आहे की तिच्यावर चार पानं लिहून छापून घ्यायची आणि त्या दिवशी जमतील त्या सगळ्यांना द्यायची. घरात त्यातल्या त्यात लिहिणारी मीच, म्हणून काम माझ्याकडे आलंय, आणि तीन आठवडे झाले तरी दोन ओळींच्या पुढे गाडी सरकत नाहीये. कष्टाळू होती, मायाळू होती, हे कुणीही कुणाच्याही आजीबद्दल लिहील, त्यात आमची आजी कुठेच दिसत नाही.

थोडं सांगते. पाटण तालुक्यातलं डोंगरातलं गाव, भात आणि नाचणी. आजोबा मुंबईला गिरणीत, आजी गावी, सासू-सासरे, चार मुलं आणि दोन म्हशी तिच्या एकटीच्या जिवावर. तिचं माहेर कोयना धरणात गेलं, भाऊ तिकडे ठाणे जिल्ह्यात वसवले, त्यामुळे माहेरपण असं तिला फार मिळालंच नाही. भूकंप झाला तेव्हा बाबा तिच्या कुशीत होते. ती सांगायची, "भांडी आपसूक वाजाय लागली, मला वाटलं फळीवर मांजर चढलं." मग भिंत पडली. त्यानंतर शेवटपर्यंत तिने फळीवर जड भांडं म्हणून ठेवलं नाही, सगळी भुईवर, भिंतीला लावून पालथी. आम्ही पोरं अडखळायचो, आई वैतागायची, पण आजीने ऐकलं नाही.

तर अडचणी दोन. एक म्हणजे तिचा जन्म कधीचा, लग्न कधी झालं, काहीच माहीत नाही. आधार कार्डावर १ जानेवारी आहे, ती अंदाजे टाकलेली. इतकंच काय, तिचं लग्नाआधीचं नावसुद्धा कुणाला सांगता येत नाही, सासरी बदललं ते बदललंच. दुसरं, तिच्या दोन मुली लहानपणीच गेल्या, एक तर तालुक्याच्या दवाखान्यात वेळेवर पोचता आलं नाही म्हणून. बाबा म्हणतात ते नको लिहूस, त्या दिवशी लोक वाचणार. मला ते गाळवत नाही. कुणी असं काही लिहिलंय का, सुरुवात कुठून केलीत?

माणदेशी

ताई, मी आमच्या आजीचं लिहून काढलंय, आमच्याकडेही तारखांची हीच बोंब होती. आपल्या म्हाताऱ्या माणसांना कॅलेंडर नव्हतं पण हिशेब पक्का होता, तो धरून मागे जायचं. आमची आजी म्हणायची, बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायचे तेव्हा तुझी आत्या रांगत होती, कामावर सुकडी मिळायची ती पदराला बांधून तिच्यासाठी आणायचे. झालं की, आत्याचा जन्म १९७१ च्या आसपासचा. शाळेच्या दाखल्यावर मात्र १ जून, आणि सालही दोन वर्षांनी चुकीचं. १ जून ही गुरुजींनी लावलेली तारीख, त्या पिढीतल्या निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला असतो, त्यावर जाऊ नका.

तुमच्याकडे तर भूकंपच आहे. ११ डिसेंबर १९६७, पहाटे सव्वाचारच्या पुढे. बाबा कुशीत होते म्हणजे किती महिन्यांचे हे कुणा म्हातारीला विचारा, दात आले होते का, बसत होते का, बायकांना हे बरोबर आठवतं. तिथून मागे मोठ्या काकांपर्यंत जा, मग लग्नापर्यंत. लग्न धरणाच्या आधीचं की नंतरचं, वरात कुठल्या वाटेने आली, ती वाट आता पाण्याखाली आहे का, असं विचारत गेलात तर साल आपोआप सापडेल.

कागद बघायचा तर कोतवाल बुक आहे, म्हणजे गाव नमुना १४, जन्म-मृत्यूची जुनी नोंद. तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये नकलेसाठी अर्ज करा, माहेरचं गाव उठलं असलं तरी विचारा. मात्र मन घट्ट करून जा. आमच्या आजीच्या नोंदीत बापाचं नाव होतं, जात होती, आणि पुढे नुसतं "मुलगी". नाव नाहीच. मी तिथेच बाकावर बसून राहिलो होतो बराच वेळ.

आजोबांच्या मनिऑर्डरी यायच्या ना? त्याचे काही कागद उरलेत का?

पाटणकरीण

आहेत! सुतळीने बांधलेला गठ्ठा आहे, तांदळाच्या कणगीत ठेवायची ती. मला वाटलं पावत्या असतील.

माणदेशी

पावती सही होऊन पाठवणाऱ्याकडे परत जायची. घेणाऱ्याकडे राहायचा तो खालचा तुकडा, ज्यावर दोन ओळींचा मजकूर असायचा. त्यावर पोस्टाचा शिक्का बघा, तारीख असेल. सगळे तारखेने लावा आणि खंड कुठे पडलाय ते बघा. गिरणीतले होते म्हणजे १८ जानेवारी १९८२ च्या संपानंतर काय झालं ते त्या गठ्ठ्यातच दिसेल.

दोडामार्ग

मुलींबद्दल एवढंच सांगतो. आम्ही आजीवर लिहिलं तेव्हा गेलेला मुलगा गाळला, नको त्या आठवणी म्हणून. छापून झाल्यावर सत्तरीतल्या आत्याने पुस्तिका उलटसुलट बघितली आणि विचारलं, "ह्यात माझा दादा कुठाय?" कुणाकडे उत्तर नव्हतं. लिहा ताई. बाबांशी भांडू नका, त्यांना शेजारी बसवून त्या दोघींचं तेवढं त्यांनाच सांगू द्या आणि ते बोलतील तसंच्या तसं लिहा. त्या त्यांच्या बहिणी आहेत.

जात्याकाठी

उशिरा लिहितेय. आजीच्या बरोबरीच्या बायका गावात आहेत का अजून? असतील तर बाकी सगळं सोडून आधी तिकडे जा, या रविवारीच. भात लावताना आणि जात्यावर आजी जे गायची त्यात तिचं सगळं आहे, भाऊ आहे, माहेराची वाट आहे. माणसांसमोर बोलता येत नव्हतं ते बायका जात्याशी बोलल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासकांनी खेडोपाडी हिंडून अशा लाखावर ओव्या गोळा करून ठेवल्यात, पारी (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या साइटवर बायकांच्याच आवाजात ऐकता येतात. त्या ऐकवल्या तर म्हाताऱ्यांना स्वतःच्या आठवतात.

एक अनुभवाचं सांगते, समोर मोबाईल धरून "गा" म्हणू नका. माझी चुलत आजी तासभर "मला न्हाई येत" म्हणत बसली. मग मी कंटाळून शेंगा फोडायला घेतल्या, तीही घेऊन बसली, आणि हात चालायला लागले तशी आपोआप सुरू झाली. हाताला काम लागतं.

आणि हो, नावाचं. घरातली जुनी भांडी तपासा. लग्नात मामाने, आत्याने दिलेल्या भांड्यावर नाव घालून द्यायची पद्धत होती, आणि ते देणारी माहेरची माणसं, त्यांनी माहेरचंच नाव घातलेलं असतं बऱ्याचदा.

पाटणकरीण

काल गावी जाऊन आले. आधी गठ्ठ्याचं सांगते. सगळे तुकडे ओसरीवर तारखेने मांडले, चाळीस, पन्नास, पुढे शंभर रुपये, प्रत्येकावर आजोबांच्या अक्षरात जवळजवळ एकच मजकूर, "पोरांना शाळेत घाल. तब्येत जप." शेवटचा डिसेंबर १९८१ चा. बाबा तो हातात घेऊन म्हणाले की त्या उन्हाळ्यात आईने एक म्हैस विकली, आम्हाला सांगितलं की ती आटली म्हणून दिली. चव्वेचाळीस वर्षांनी त्यांना कळलं की ती आटलेली नव्हती. मग त्यांनी आपणहून बहिणींचं सांगायला घेतलं. मी लिहून घेतलं, त्यांच्याच शब्दांत.

भांड्यांत आधी काही सापडलं नाही. कळश्या, ताटं, सगळ्यांवर आजोबांचं नाव. शेवटी न्हाणीतला पाणी तापवायचा हंडा राहिला होता, काजळीने पार काळा झालेला. चिंच आणि राख घेऊन मी आणि आई दोघी बसलो. तास गेला असेल, मग गळ्याखाली एकेक टिंब दिसायला लागलं. "चि." आणि पुढे नाव, आणि मग "हिस मामाकडून. सन १९५५".

नाव इथे टाकत नाही, ठाण्याच्या मामांना आधी फोन करून सांगायचंय. बाबा मात्र कालपासून तो हंडा न्हाणीत नेऊ देत नाहीयेत. माजघरात ठेवलाय, भुईवर, भिंतीला लावून.